करपलेलं दळण

गिरणीवालीचं नाक दिसायला काही देखणं नव्हतं. जरा बसकंच होतं. पण गावात तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या नाकाचंच नाव जास्त.

गिरणीचा दगड दगडाला घासायला लागला की पीठ तापतं. करपट वास सुटायच्या जरा आधी त्याला गोडसर वास येतो, दाणे भाजल्यासारखा. बाकीच्यांना कळेपर्यंत पीठ हातचं गेलेलं असतं. गिरणीवालीला मात्र तो अंगणात डबा पुसताना कळायचा, कुणाशी तावातावानं भांडताना कळायचा. अर्धं भांडण तोंडात धरून ती आत पळायची, दगड आवळायचं चाक किंचित सैल करायची आणि बाहेर येऊन उरलेलं भांडण पुरं करायची. समोरचा तोवर थांबून राहायचा. पीठ त्याचंही आत असायचंच की!

ही विद्या तिला सासऱ्यानं दिली होती. आबांनी उभा जन्म त्या दगडांपाशी काढला, आणि पिठानं त्यांची छाती खाल्ली. त्यांना नाक होतं पण दम नव्हता. नवऱ्याला दम होता, तो मागच्या छपरात डिझेलचं इंजिन सांभाळायचा. पण त्याचं नाक नुसतं चष्मा टेकवायला होतं. लग्न होऊन आल्यावर आबांनी सुनेसमोर दोन मुठी धरल्या, एकीत गार पीठ, एकीत नुकतं तापलेलं, आणि म्हणाले, “ओळख.” तिनं ओळखलं. “झालं तर,” आबा म्हणाले, “गिरणी तुझी.”

साथ आली ती आधी लोकांच्या बोलण्यात आली. गिरणीपुढच्या कट्ट्यावर दळणाला आलेली माणसं बसत, आणि गावातल्या अकला सगळ्या तिथंच पाजळल्या जात. त्यात दोघं पुढे. एक पहिलवान. त्याची कुस्ती सुटून जमाना झाला होता, छाती तेवढी राहिली होती. तो म्हणायचा, “हवेतनं कसला आजार येतोय! हवा खाऊनच तर ही छाती झाली.” दुसरा शाळेचा मास्तर. त्यानं सुट्टे पैसेसुद्धा साबणानं धुवायला सुरुवात केली, तेव्हापासून त्याचं नावच साबणमास्तर पडलं. तो कट्ट्यापासून लांब, उन्हात उभा राहून ओरडायचा, “हसा, हसा! दात काढून हसू नका, तोंड झाकून हसा!”

मग गावाच्या खालच्या अंगाला एका घरातली दोन माणसं लागोपाठ गेली. त्या दिवसापासून कट्ट्यावरचं हसणं कमी झालं.

वरून हुकूम आला. सगळं बंद, गिरणी तेवढी दुपारपर्यंत चालू ठेवा, पण गर्दी नको. हुकूम काढणाऱ्याचं काय जातं? नदीपलीकडच्या गावानं रस्त्यावर झाडाचं खोड आडवं टाकलं होतं, तिकडच्या गिरणीची वाट बंद. आणि सरकारी धान्य आलं ते अख्खं. ते काही कुणी तसंच चावून खाणार नव्हतं. अख्खं गाव एका गिरणीवर आलं, आणि म्हणे गर्दी नको!

गिरणीवालीनं एक रात्र विचार केला. सकाळी कट्ट्यावर बाभळीचे काटे पसरले आणि जाहीर केलं, “आजपासून रांगेत डब्यानं उभं राहायचं. माणसानं घरी बसायचं.”

अंगणात तिनं चुन्यानं गोल काढले. ज्यानं त्यानं आपला डबा गोलात ठेवून जायचं. डबे सगळे ओळखीचे, कुणाचा पोचलेला, कुणाच्या झाकणाला तार. दळण झालं की ती दाराशी टांगलेल्या नांगराच्या जुन्या फाळावर हातोडी हाणायची आणि हाक मारायची, “तारवाला डबा!” मग त्या घरातलं एकच माणूस यायचं. तोंडाला फडकं नसेल तर डबा मिळायचा नाही.

लोकांनी नाकं मुरडली. “गिरणीवाली माजली,” असंही बोललं गेलं. पहिलवान तर तिसऱ्याच दिवशी आला, हातानं काटे सारले आणि कट्ट्यावर मांडी घालून बसला. तोंड उघडं.

“पहिलवान, उठा.”

“मी या कट्ट्यावर तुमच्या लग्नाआधीपासून बसतोय, वहिनी.”

छपराकडं तोंड करून तिनं हाक दिली, “अहो, इंजिन बंद करा.” इंजिन धापा टाकत थांबलं. गावाला त्या पुकपुक आवाजाची इतकी सवय, की तो थांबल्याबरोबर दारादारात माणसं आली. बायका ओरडायला लागल्या, “काय झालं? पट्टा तुटला का?”

“पट्टा शाबूत आहे,” गिरणीवाली म्हणाली, “पहिलवान उठले की सुरू होईल.”

मग जो गलका झाला! त्यात पहिलवानाच्या बायकोचाच आवाज सगळ्यात मोठा होता. पहिलवान उठला, मांडीत रुतलेला एक काटा उपसला आणि कुणाकडं न बघता घरी गेला.

घरातही तिनं असंच कुंपण घातलं. आबांची सोय मागच्या खोलीत केली. आंघोळ करून, कपडे बदलून मगच त्यांच्या दारात ताट ठेवायची. म्हातारा पूर्वी दिवसभर गिरणीच्या दारात बसून वास घ्यायचा, त्याला आता एक खिडकी उरली. त्याचा तो जुना पिठाचा खोकला. पण आता खोकल्याचा आवाज आला की डबा न्यायला आलेली बाई पदर नाकाला लावून मागं सरायची. आबा मग तोंडात उशीचं टोक कोंबून खोकायचे. गिरणीवालीनं ते एकदा पाहिलं.

तर असं सगळं तिनं निगुतीनं सांभाळलं. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानातच आली नाही, आणि ती दुसऱ्या कुणाच्याही आली नसती, इतकी ती अंगवळणी पडलेली. भरला डबा जड. एकट्या बाईला तो डोक्यावर चढवता येत नाही, समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. एक, दोन, हं! म्हणत दोघी एकदम जोर लावतात, तेव्हा तोंडाशी तोंड येतं. फडकं सरकतं, श्वासात श्वास मिसळतो. दिवसातून कितीदा तरी गिरणीवाली असा हात लावायची. त्यात अंतर-बिंतर मोडतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. हात लावणं म्हणजे तिला दार उघडण्याइतकं साधं होतं.

एका सकाळी तिचं अंग मोडून आलं. डबे उचलून आलं असेल, असं म्हणून तिनं कंबर बांधली. पहिला डबा पहिलवानाच्या घरचा, मक्याचा. दाणे वाळून खडखडीत झालेले. तिनं ते गिरणीच्या तोंडात ओतले, चाक आवळलं आणि अंगण झाडायला गेली. परत येऊन डब्याला झाकण लावलं, फाळावर हातोडी हाणली.

पहिलवानाची बायको आली. तिनं झाकण उघडलं आणि तिथंच थांबली.

“वहिनी, हे काय?”

पीठ तांबूस झालं होतं. गिरणीवालीनं आत धावत जाऊन पाहिलं. गोणीच्या सुतळीचा तुकडा धान्याच्या वाटेत अडकला होता, दाणे नीट पडलेच नव्हते, दगड नुसता दगडावर फिरत राहिला होता.

“वास नाही आला तुम्हाला? अहो, मला रस्त्यात आला!”

“फडकं बांधलंय ना,” गिरणीवाली म्हणाली. पण इतके दिवस फडकं बांधून येतच होता की.

ती घराच्या मागं गेली, फडकं काढलं, करपलेलं पीठ मुठीत घेऊन नाकाशी धरलं. काही नाही. इंजिनाची डिझेलनं भिजलेली चिंधी घेतली. काही नाही. मग कांदा घेतला आणि दगडावर ठेचला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, वास नाही आला.

दवाखान्यातली नर्सबाई गावभर सांगून गेली होती: ताप येवो न येवो, वास गेला तर आजार झाला समजा. नवरा इंजिनाजवळून येत होता. गिरणीवालीनं हात आडवा केला. “तिथंच थांबा.”

तिनं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. तो हातातलं फडकं पिळायला लागला. मग म्हणाला, “हे बघ. गिरणी तर बंद करावीच लागणार. पण कारण कशाला सांगायचं? दगडाला टाकी लावायची आहे, खाचा पाडायच्या आहेत म्हणू. खरंच झिजलेत दगड. पीठ करपलं, ते दगडामुळं. कोण संशय घेणार? तू खोलीत पड, मी दारात हातोडी आणि टाकी घेऊन ठोकत बसतो. बरी झालीस की चालू करू. नाहीतर, अगं, या गिरणीत परत कुणी डबा ठेवेल का?”

खोटं इतकं सोपं आणि इतकं बेमालूम होतं की गिरणीवालीला ते घट्ट कवटाळावंसं वाटलं. दगडाचं नाव पुढे करायचं. दगड काही बोलणार नाहीत. आबांना कुणी उशी तोंडात कोंबायला लावणार नाही. कुणाच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत. ती “बरं” म्हणणारच होती.

तेवढ्यात बाहेरून पहिलवानाच्या बायकोनं हाक मारली, “वहिनी, राहू दे, असेल तसं नेते. जरा हात लावा डब्याला!”

गिरणीवालीनं आपल्या हातांकडं पाहिलं. काल हात लावला. परवा लावला. एक, दोन, हं! कुणाकुणाला? सगळ्यांनाच की. आणि त्या घरी जाऊन सासूला भरवत असतील, लेकरं कुशीत घेत असतील.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “दगडाचं सांगितलं तर त्या बायांना कसं कळायचं?”

नवऱ्यानं परत तो विषय काढला नाही.

ती अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाला पाठ लावून उभी राहिली. नवऱ्यानं फाळ बडवला, बडवतच राहिला. माणसं जमली.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली.

आधी दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं, करपलेल्या पिठाची सबब सांगतेय. मग एकेकाचं हसू विरलं.

“मला तो आजार झालाय. गेल्या चार-सहा दिवसांत ज्यांचा डबा डोक्यावर चढवताना मी हात लावला, त्या सगळ्यांनी घरात वेगळं राहा. म्हाताऱ्यांजवळ जाऊ नका, तान्ह्यांना दुसऱ्याकडं द्या. चूक माझी आहे. माणसं लांब ठेवली, पण हात लावणं माझ्या ध्यानातच आलं नाही.”

मग काय विचारता! कुणी म्हणालं, पिठातून मरण वाटलंस. कुणी म्हणालं, म्हातारा खोकत होता तेव्हाच आम्ही ओळखलं होतं. एकीनं तर कालच्या दळणाचा डबा घरून आणून तिथंच उपडा केला, आणि पांढरं स्वच्छ पीठ धुळीत सांडून रिकामा डबा वाजवत निघून गेली. ते पीठ बघून गिरणीवालीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. शेवटी अंगणात पहिलवान उरला.

“वहिनी,” तो म्हणाला, “सांगितलं नसतंत तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.”

“तेच तर, पहिलवान.”

तो बायकोला घेऊन गेला. जाताना तिच्यापासून दोन हात लांब चालत होता, हे गिरणीवालीनं पाहिलं.

नर्सबाईनं तपासणी केली, आजार पक्का झाला. गिरणीलगतच्या कोठीत गिरणीवाली, इंजिनाच्या छपरात नवरा, मागच्या खोलीत आबा. एका घराचे तीन तुकडे झाले. गिरणी बंद पडली. दोन दिवस अंगणात चिटपाखरू फिरकलं नाही. ताप चढत होता, पण गिरणीवालीला तापापेक्षा त्या शांततेचाच त्रास जास्त होत होता.

तिसऱ्या दिवशी खिडकीसमोर, बऱ्याच लांब, एक धिप्पाड आकृती येऊन उभी राहिली. तोंडाला फुलाफुलांचं फडकं, बायकोच्या जुन्या झंपराचं असावं.

“वहिनी, घरच्या माणसाला ताप आला.”

गिरणीवालीनं डोळे मिटले.

“तुम्ही सांगितलं त्या घटकेपासून ती माळ्यावर एकटी आहे. आई खाली. आईला ती रोज हातानं भरवते, माहीत आहे ना तुम्हाला? आई ठणठणीत आहे.” पहिलवानाचा आवाज चिरकला. एवढ्या मोठ्या छातीतून एवढा बारीक आवाज येईल असं कुणाला वाटलं नसतं. “आता मला गिरणी शिकवा. गाव उपाशी आहे.”

ते ऐकून साबणमास्तरही बादली घेऊन हजर झाला. त्यानं फरशी, भिंती, पट्टा, दाराची कडीसुद्धा घासली. फेसाळलेला हात दगडांकडं जाताना दिसला तशी गिरणीवाली तापातच खिडकीत उठून बसली, “मास्तर! दगडाला पाणी लावाल तर याद राखा! लापशी निघेल, पीठ नाही!” मास्तरानं हात मागं घेतला. कितीतरी दिवसांनी अंगणात कुणीतरी हसलं.

नवरा छपरातच होता, इंजिन त्यानं तिथूनच चालवलं. दगडाचं काम गिरणीवालीनं खिडकीतून सांभाळलं. नाक गेलं होतं, कान शाबूत होते. दगडाचा आवाज कोरडा झाला की ती ओरडायची, “सोड चाक!” घरघर जड झाली की, “आवळ! अरे, कुस्ती नाही खेळायची, हळू!” तरी आवाजावरून अर्धंच कळायचं. दोन-तीन दळणं करपलीच, बाकीची वाळूसारखी जाडीभरडी निघाली. ज्या बायका पूर्वी पीठ दोन बोटांत चोळून “अजून बारीक हवं” म्हणून नाक उडवायच्या, त्यांनी ते मुकाट्यानं नेलं आणि खाल्लं. डबा आता कुणी कुणाच्या डोक्यावर चढवत नव्हतं. पहिलवानानं मास्तराच्या सल्ल्यानं खांद्याएवढा ओटा रचला होता. डबा त्यावर ठेवायचा आणि बाईनं एकटीनंच डोक्यावर सरकवायचा. ओटा बघून गिरणीवालीला वाटलं, इतकं साधं होतं, हे मला का नाही सुचलं! पण सुचलं नाही ते नाहीच.

आणि खिडकीत ताटं यायला लागली, आबांच्याही, नवऱ्याच्याही. ज्या बाईनं पीठ धुळीत ओतलं होतं, तिच्या घरचं ताट तिनं बरोबर ओळखलं. ताटाबरोबर निरोप काही नव्हता. गिरणीवालीनं ताट चाटूनपुसून खाल्लं, चव कशाचीच लागत नव्हती तरी.

एक दिवस मात्र खिडकीतून आवाजच आला नाही. दगड कोरडा घरघरत राहिला, ‘सोड’ म्हणणारं कुणी नाही. पहिलवानानं घाबरून इंजिन बंद करवलं. पुकपुक थांबली तशी दारादारात माणसं आली, पण या वेळी कुणी ओरडलं नाही. नर्सबाई आत गेली, प्राणवायूचं नळकांडं लावलं, बसून राहिली. आबा आपल्या खिडकीचे गज धरून उभे होते. दुपार कलंडली तेव्हा कोठीतून बारीकसा आवाज आला, “गिरणी का बंद आहे?” आबांनी गज सोडले आणि खाली बसून मनसोक्त खोकले. उशी लावली नाही. कुणी मागंही सरलं नाही.

ताप गेला. दम परतला. पहिलवानाची बायको माळ्यावरून खाली उतरली, बाकीच्या घरांतूनही कुणी दगावलं नाही. नाक तेवढं आलं नाही. नर्सबाई म्हणाली, “कुणाचं लवकर येतं, कुणाचं येतच नाही. मी काय सांगू?” गिरणीवाली रोज सकाळी कांदा ठेचायची. रोज डोळ्यांतून पाणी यायचं आणि तेवढंच यायचं.

कोठीतून बाहेर यायला परवानगी मिळाली तरी ती गिरणीत गेली नाही. कोठीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. आबा खिडकीतून म्हणाले, “सूनबाई, आत जा की.”

“कशाला, आबा? तुम्ही वासावर गिरणी दिली होती. आता पहिलवानाला द्या.”

आत पहिलवान आणि मास्तर तावातावानं वाद घालत होते, साबण मोठा की व्यायाम मोठा. दगड फिरत होता. घरघर अगदी नेहमीसारखी होती, कानाला काही खटकत नव्हतं. गिरणीवाली धुळीत काडीनं रेघा ओढत होती, आणि ओढता ओढता तिचा हात थांबला.

गोडसर काहीतरी होतं. एवढंसंच. दाणे भाजल्यासारखं.

तिनं मान वर केली. भास असेल म्हणून श्वास रोखला, मग पुन्हा घेतला. होतं.

“करपतंय!” ती किंचाळली. “पहिलवान, चाक सोड! करपतंय!”

आतून पहिलवानाचा वैतागलेला आवाज आला, “काय वहिनी, घाबरवता! कुठं करपतंय? मला तर काहीच वास...” आणि तो बोलता बोलता थांबला. मास्तरही थांबला. छपरातून नवरा धावत आला, हात डिझेलनं माखलेले, आणि अंगणाच्या मधोमध बायकोकडं बघत उभा राहिला.

मागच्या खिडकीत आबांनी नाक गजांना लावलं होतं. त्यांनी एक लांब श्वास ओढला.

“करपतंय रे, करपतंय!” म्हातारा ओरडला, आणि त्याला रडू आवरेना. “खरंच करपतंय!”

पहिलवान दारात आला. दोन्ही हात वर करून तो नाचायच्या बेतात होता. गिरणीवाली पदर खोचत त्याला बाजूला सारून आत घुसली.

“चाक कुणी सोडायचं, तुझ्या बापानं?” ती म्हणाली, आणि चाकाला हात घातला.